सर्वे नंबर, एमटेक्स्ट आणि लेबलच्या पोटातला पसारा

समजा तुमचा सर्वे नंबर ४५/१-ए आहे. गोव्यात जमिनीचा कुठलाही कागद काढा, एक-चौदाचा उतारा, सनद, विक्रीखत, सगळीकडे तो असाच तिरकी रेघ मारून लिहिलेला असतो, आधी सर्वे नंबर मग सब-डिव्हिजन. आता हाच नंबर ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधे एमटेक्स्टच्या, म्हणजे अनेक ओळींचा मजकूर लिहायच्या, चौकटीत टाइप करा. ऑटोस्टॅक (आकडे आपोआप अपूर्णांकासारखे वर-खाली रचणारी सेटिंग) चालू असेल तर १ नंतरचा डॅश मारला रे मारला की ४५ वर, १ खाली, मधे आडवी रेघ, आणि बाजूला एकटाच -ए लटकलेला. पंचेचाळीस छेद एक! तेही मंजुरीसाठी द्यायच्या सबमिशन ड्रॉइंगवर, साइट प्लॅनच्या डोक्यावर, ठळक अक्षरात. इतक्या शीटवर बघितलंय हे की आता नवीन फाइल हातात आली की माझी पहिली नजर तिथेच जाते.

म्हणून म्हटलं एकदा बसून एमटेक्स्टबद्दल लिहूनच काढूया. क्लासमधे लाइन, सर्कल, ट्रिम शिकवतात, डायमेन्शन शिकवतात, टेक्स्टला जेमतेम अर्धा तास, आणि नोकरीला लागल्यावर बघावं तर ड्राफ्टिंगवाली पोरं निम्मा दिवस लेबलंच सरळ करत बसलेली असतात.

ऑटोस्टॅकचा तसा काही दोष नाही. इंचात काम करणाऱ्यांना पाऊण इंच, अर्धा इंच लिहावं लागतं, मशिनच्या पार्टवाल्यांना टॉलरन्स लिहावा लागतो, त्यांच्यासाठी ती सोय आहे. स्लॅश टाकला की अपूर्णांक, हॅश टाकला की तिरक्या रेघेचा अपूर्णांक, आणि ते छपरासारखं कॅरेटचं चिन्ह टाकलं की मधल्या रेघेशिवाय नुसते वर-खाली आकडे. आपण मीटर-मिलिमीटरवाले, घरं-बंगले-देवळं काढणारे, आपल्याला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. तर अपूर्णांक झाला की त्याच्याजवळ विजेसारखं बारकं चिन्ह येतं त्याच्यावर क्लिक करा, स्टॅक प्रॉपर्टीज उघडा, तिथे ऑटोस्टॅकचं बटण आहे, त्यात जाऊन टिक काढून टाका, विषय संपला. आधीच स्टॅक होऊन बसलेले नंबर मात्र आपोआप सुटत नाहीत, ते सिलेक्ट करून राइट क्लिकने अनस्टॅक करावे लागतात.

आणि नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही सांगत मी. स्टॅक झालेल्या आकड्यांची हाइट बाय डिफॉल्ट ७० टक्के होते. म्हणजे कागदावर २.५ मिलिमीटरचं अक्षर धरलं असेल तर सर्वे नंबर १.७५ वर आला, आणि तीच ए-वन शीट कोणीतरी ए-थ्रीवर झेरॉक्स काढली (काढतातच, फाइलला लावायला सोपी पडते) की सगळं निम्मं होतं, म्हणजे एक मिलिमीटरच्याही खाली. अख्ख्या ड्रॉइंगमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि तोच वाचता येत नाही.

म्हापसा, मडगावसारख्या शहरात सर्वे नंबराऐवजी चलता नंबर आणि पी.टी. शीट नंबर (शहराच्या सर्वेतले नंबर) येतो. तिथे अपूर्णांकाची भानगड नाही पण ओळ लांब होते आणि एमटेक्स्ट ती त्याच्या मनाने तोडतं, मग 'पी.टी. शीट नं.' पहिल्या ओळीच्या शेवटी आणि आकडा दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. लोक काय करतात, तिथे एंटर मारतात. एंटर नका मारू हो. 'नं.' आणि आकडा यांच्यामधे साधी स्पेस देण्याऐवजी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या, ती न तुटणारी स्पेस असते, दोघं मग एकत्रच खाली येतात किंवा एकत्रच वर राहतात.

एंटर का नको ते सांगते. एमटेक्स्टची चौकट जेवढी रुंद तेवढ्यात ओळी आपोआप बसतात, हाच तर त्याचा फायदा. तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारून ठेवलात आणि उद्या समोरच्याच्या मशीनवर फाँट बदलला, अक्षरं थोडी रुंद झाली, की प्रत्येक ओळीतला शेवटचा एक शब्द खाली पडतो आणि तिथे एंटर असल्यामुळे तो एकटाच एका ओळीवर. दहा ओळींच्या जनरल नोट्सच्या वीस ओळी होतात. एंटर फक्त जिथे खरंच नवी ओळ हवी तिथेच, म्हणजे खोलीच्या नावाखाली खोलीचं माप, असं.

आता मुद्द्याचं. एमटेक्स्ट बाहेरून साधं दिसतं, आतून नसतं. कुठलंही जुनं लेबल सिलेक्ट करा, कंट्रोल-१ दाबून प्रॉपर्टीज उघडा आणि कंटेंट्स नावाची ओळ वाचा. स्वच्छ लेबल असेल तर तिथे फक्त शब्द दिसतील आणि जिथे एंटर मारलाय तिथे बॅकस्लॅश आणि मोठा पी. बस. पण सतरा हातांतून फिरून आलेलं लेबल असलं तर तिथे 'बेड रूम' हे दोन शब्द शोधावे लागतात. आधी महिरपी कंस उघडतो, मग बॅकस्लॅश एफ आणि एरियल, मग उभी रेघ बी शून्य, उभी रेघ आय शून्य, म्हणजे बोल्ड नाही आणि इटॅलिक नाही, मग बॅकस्लॅश एच आणि हाइट, बॅकस्लॅश डब्ल्यू आणि अक्षराच्या रुंदीचा फॅक्टर, बॅकस्लॅश सी आणि रंगाचा नंबर, मधे मधे सेमीकोलन, त्यात आणखी एक महिरपी कंस, आणि मग कुठेतरी खोल आत 'बेड'. पुढे परत तीच मिरवणूक आणि मग 'रूम'.

यात लहान-मोठं अक्षर वेगळं असतं बरं का, ज्यांना एक्सेलमधून किंवा लिस्पमधून (ऑटोकॅडमधे चालणारे छोटे प्रोग्राम) लेबलं तयार करायची सवय आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. मोठा पी म्हणजे नवी ओळ, छोटा पी म्हणजे पॅराग्राफची सेटिंग, इंडेंट, टॅब वगैरे. मोठा एल म्हणजे अंडरलाइन सुरू, छोटा एल म्हणजे बंद. मोठा ओ आणि छोटा ओ तसंच, ते ओव्हरलाइनसाठी. एका अक्षराचा घोळ झाला की पुढची सगळी नोट अंडरलाइन.

तर फॉरमॅटिंग दोन जागी राहू शकतं, एक टेक्स्ट स्टाइलमधे, म्हणजे अनेक लेबलांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधे, आणि एक लेबलच्या पोटात. पोटातलं जिंकतं. यावर माझं मत एकच आणि त्यावरून मी ऑफिसात भांडायलाही तयार असते, पोटात फक्त शब्द आणि ओळी ठेवायच्या, बाकी फाँट, रुंदी स्टाइलमधे, हाइट स्टाइलमधे किंवा लेबलच्या प्रॉपर्टीजमधे, रंग लेयरमधे. एखादा शब्द अंडरलाइन करायचाय, करा, माझी ना नाही. पण सिलेक्ट ऑल करून वरच्या पट्टीतून फाँट बदलायचा, हाइट बदलायची, रंग लाल करायचा, हे जे सगळेजण करतात ना, ते बंद करा.

कारण असं बघा, एक ड्रॉइंग कुठून कुठे जातं. सर्वेयरकडून काँटूरची फाइल येते, आर्किटेक्ट त्यावर प्लॅन काढतो, ती स्ट्रक्चरलवाल्याकडे जाते, तो त्यातली निम्मी लेबलं उचलून स्वतःच्या शीटवर नेतो, मग प्लंबिंग, मग इलेक्ट्रिकल, मग परत आर्किटेक्टकडे, आणि मधेच क्लायंटचा जावई दुबईत इंजिनिअर असतो तो एक व्हर्जन करून पाठवतो. आता शेवटी कोणीतरी म्हणतं की सगळ्या शीटवर एकच फाँट करूया. स्टाइल उघडून फाँट बदलला की अर्धी लेबलं बदलतात आणि अर्धी ढिम्म, कारण त्यांच्या पोटात एरियल बसलाय. मग एकेकावर डबल क्लिक. संध्याकाळचे सात वाजतात, शेवटची कदंबा बस चुकते, आणि शीट अजून तिथेच.

इथे एक बारीक फरक आहे तो माहीत असू द्या. लेबल एडिटरमधे उघडून सगळं सिलेक्ट करून त्याला नवी स्टाइल लावली तर पोटातले फाँट, हाइट, बोल्ड, इटॅलिक उडतात, पण अंडरलाइन, रंग आणि स्टॅकिंग तसंच राहतं. म्हणजे तो लाल रंग कुठून येतोय कुठून येतोय करत लोक लेयर शोधत बसतात आणि तो असतो आत. सगळंच साफ करायचं असेल तर एडिटरमधेच रिमूव्ह फॉरमॅटिंग आहे, त्यात कॅरेक्टरचं, पॅराग्राफचं, किंवा सगळं असे तीन पर्याय. आणि एकदम पाचशे लेबलं साफ करायची असली तर स्ट्रिपएमटेक्स्ट नावाचं लिस्प आहे, कॅडवाल्यांमधे बरीच वर्षं फिरतंय, त्यात काय काय काढायचं ते टिक करून सांगता येतं, फक्त रंग काढ, फक्त फाँट काढ, अंडरलाइन राहू दे, असं. आधी फाइलची कॉपी करा आणि मगच चालवा.

हा पसारा येतो कुठून तर बहुतेक वेळा वर्डमधून. जनरल नोट्स कोणीतरी वर्डमधे टाइप करून ठेवलेल्या असतात, त्या कॉपी-पेस्ट झाल्या की वर्डचा फाँट, वर्डची साइज, वर्डचे टॅब सगळं वाजतगाजत आत येतं. एडिटरमधे राइट क्लिक करून पेस्ट स्पेशल घ्या, त्यात फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट करायचे पर्याय आहेत. नाहीतर मधे एकदा नोटपॅडमधे पेस्ट करून मग तिथून उचला, जुना उपाय आहे पण कधी दगा देत नाही.

हाइटचं गणित बऱ्याच जणांना अजून अवघड वाटतं, का ते कळत नाही. कागदावर अक्षर किती उंच हवं ते आधी ठरवा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधे १.८, २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर अशी चढती हाइट वापरायची पद्धत आहे. प्लॅन १:१०० वर आणि ड्रॉइंग मिलिमीटरमधे असेल तर २.५ गुणिले १००, म्हणजे मॉडेलमधे २५०. झालं. साइट प्लॅन १:५०० वर असेल तर तेच अक्षर १२५०. आणि हा गुणाकार करत बसायचा कंटाळा येत असेल तर स्टाइल ॲनोटेटिव्ह करा, कागदावरची हाइट २.५ द्या, प्रत्येक व्ह्यूपोर्टच्या (शीटवर ड्रॉइंग दाखवणारी खिडकी) स्केलप्रमाणे अक्षर आपोआप मोठं-लहान होतं. आपल्याकडे याचा फायदा जास्त, कारण सर्वे प्लॅन १:१००० वर, साइट प्लॅन १:५०० वर, फ्लोअर प्लॅन १:१०० वर, आणि सगळं एकाच शीटवर मागतात. एकच लेबल दोन स्केलला दोन वेगळ्या जागी सरकवता येतं, पण मग कधी कधी ते इकडे तिकडे भरकटतं, तेव्हा ॲनोरीसेट कमांड देऊन सगळी रूपं एका जागी आणायची. स्टाइल साधी असेल, ॲनोटेटिव्ह नाही, तर स्टाइलमधली हाइट शून्य ठेवा, कारण तिथे आकडा टाकला की त्या स्टाइलवर चालणारी डायमेन्शनं पण त्याच हाइटला अडकतात आणि डायमेन्शन स्टाइलमधे काहीही बदला, ढिम्म.

खोल्यांची लेबलं. इथे जस्टिफिकेशन मिडल सेंटर ठेवा, दुसरं काही नको. नाव बदललं, 'बेड रूम'चं 'मास्टर बेड रूम' झालं, तरी लेबल दोन्ही बाजूंना सारखं वाढतं आणि खोलीच्या मधोमध राहतं. टॉप लेफ्ट ठेवलं तर उजवीकडे वाढत जाऊन भिंतीत घुसतं. आधीच टॉप लेफ्टवर असलेली लेबलं जागेवरून न हलवता बदलायची असतील तर जस्टिफायटेक्स्ट कमांड आहे. नोट्सना उलट टॉप लेफ्टच हवं.

ओळींमधल्या अंतराचे दोन प्रकार असतात, ॲट लीस्ट आणि एक्झॅक्टली. ॲट लीस्टमधे एखाद्या ओळीत मोठं अक्षर किंवा अपूर्णांक आला की तेवढीच ओळ फुगते, एक्झॅक्टलीमधे सगळ्या ओळी समान राहतात. फॅक्टर १ असेल तर एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत अक्षराच्या हाइटच्या १.६६ पट अंतर पडतं. नोट्सची उंची शीटवर बसवायची असेल तर मी एक्झॅक्टली लावते आणि फॅक्टर थोडा कमी करते, ०.९ वगैरे. खोलीच्या दोन ओळींच्या लेबलला जसं आहे तसं राहू देते.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ते. फील्ड! खोलीचं क्षेत्रफळ हाताने टाइप करणं सोडा. एडिटर उघडा असतानाच कंट्रोल-एफ, ऑब्जेक्ट निवडा, खोलीच्या आतून मारलेली बंद पॉलिलाइन दाखवा, एरिया घ्या. ड्रॉइंग मिलिमीटरमधे असेल तर आकडा चौरस मिलिमीटरमधे येतो, भलामोठा, सात-आठ अंकी, तो बघून घाबरू नका, ॲडिशनल फॉरमॅट नावाचं बटण आहे तिथे कन्व्हर्शन फॅक्टर ०.०००००१ टाका आणि सफिक्समधे चौरस मीटर. पुढे भिंत सरकली, पॉलिलाइन ओढली, रीजेन (ड्रॉइंग ताजं करायची कमांड) मारला की लेबलमधला आकडा बदललेला. कव्हरेज आणि एफएआरचं (प्लॉटच्या मानाने एकूण बांधकाम किती) टेबल पण याच फील्डवर चालवा. स्क्रीनवर त्या आकड्यामागे करडा पट्टा दिसतो, तो प्रिंटमधे येत नाही. आणि आकड्याच्या जागी चार हॅश दिसले तर समजा की कोणीतरी ती पॉलिलाइन डिलीट केली. मी त्या पॉलिलाइनी वेगळ्या लेयरवर ठेवते आणि तो लेयर प्लॉट होणार नाही असा करून लॉक करते, कारण नवीन पोरं फाइल 'क्लीन' करायला बसली की पहिला बळी त्यांचाच.

चौरस मीटरचा तो वरचा दोन, त्यासाठीही लोक कायकाय करतात, वेगळा टेक्स्ट टाकून वर नेऊन चिकटवतात! एडिटरमधे ॲटच्या चिन्हाचं बटण आहे, सिंबॉल्सचं, त्यात स्क्वेअर्ड मिळतो, डिग्री, प्लस-मायनस, डायमीटर सगळं मिळतं. टक्का टक्का डी, टक्का टक्का पी, टक्का टक्का सी हे जुने कोड पण चालतात. फक्त काही एसएचएक्स (ऑटोकॅडचे स्वतःचे, रेघांचे) फाँटमधे वरचा दोन नसतो, तिथे प्रश्नचिन्ह दिसतं, मग २ आणि कॅरेट टाइप करून दोन्ही सिलेक्ट करून स्टॅक करा. बघा, स्टॅकिंगचा एकदा तरी उपयोग झाला.

भिंतींना, छपराला बाण काढून जी लेबलं देतो, 'चिऱ्याची भिंत २३० जाड', 'मंगलोरी कौलं', ती एमटेक्स्ट वेगळा आणि लाइन वेगळी अशी काढू नका, मल्टीलीडर वापरा. आतला टेक्स्ट एमटेक्स्टच असतो त्यामुळे वरचं सगळं त्यालाही लागू. लेबल दोन-तीन ओळींचं झालं की बाणाची आडवी रेघ पहिल्या ओळीच्या मध्यावर यावी की शेवटच्या ओळीखाली हे मल्टीलीडर स्टाइलमधे एकदाच ठरवायचं. एका बाजूची सगळी लेबलं एका रांगेत आणायला एमलीडरअलाइन. सेक्शन बघताना तिथेच कळतं की काढणाऱ्याचा हात कसा आहे.

चिऱ्याच्या हॅचवर (भिंत भरायच्या रेघांवर) लेबल पडलं की वाचता येत नाही, तेव्हा बॅकग्राउंड मास्क, म्हणजे अक्षरांमागचा भाग झाकणारी पट्टी. बॉर्डर ऑफसेट फॅक्टर १.५ असतो, तो जास्त होतो, आजूबाजूच्या रेघा पण खातो, मी १.१५ च्या आसपास ठेवते. रंग पांढरा निवडू नका, यूज ड्रॉइंग बॅकग्राउंड कलर ही टिक करा, नाहीतर काळ्या स्क्रीनवर पांढरे ठोकळे. लेबल हॅचच्या मागे गेलं तर टेक्स्टटूफ्रंट.

नवीन एमटेक्स्ट काढला की खाली-बाजूला बाण येतात आणि चौकट ओढताना एकाचे दोन कॉलम होतात, हे बऱ्याच जणांना नको असतं. ती डायनॅमिक कॉलमची सेटिंग आहे, एमटेक्स्टकॉलम टाइप करून शून्य द्या. जनरल नोट्ससाठी मात्र कॉलम छान असतात, शीटच्या उजव्या पट्टीत दोन कॉलम, एक भरला की पुढचा.

आता जुन्या लोकांबद्दल. एमटेक्स्ट ऑटोकॅडच्या रिलीज १३ मधे आलं, १९९४ साली. त्याच्या आधी एकेक ओळ वेगळी टाकायची, डीटेक्स्टने. आमच्या ओळखीतले एक काका, ट्रेसिंग पेपरवर स्टेन्सिल आणि रोटरिंग पेनने अक्षरं काढण्यापासून सुरुवात केलेले, अजूनही एकेक ओळच टाकतात, आणि खरं सांगायचं तर त्यांची शीट आमच्यापेक्षा सुबक असते, प्रत्येक ओळ जिथे हवी तिथेच. त्यांना मी काही शिकवायला जात नाही. पण सर्वेयरकडून किंवा जुन्या फाइलमधून अशा सुट्ट्या ओळी आल्या आणि त्यात मजकूर बदलायचा असला तर टीएक्सटीटूएमटीएक्सटी म्हणजे टेक्स्ट-टू-एमटेक्स्टची कमांड वापरा, सगळ्या ओळी सिलेक्ट केल्या की वरून खाली लावून एकच एमटेक्स्ट करून देते. उलटं जायचं असेल तर एक्स्प्लोड, पण एकदा एक्स्प्लोड केलेली नोट परत जोडताना जीव जातो.

ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं, बटणांची नावं थोडी इकडची तिकडे, पण फाइल डीडब्ल्यूजीच असल्यामुळे लेबलच्या पोटातले कोड तेच.

राहिलं देवनागरी. सबमिशन ड्रॉइंग सगळी इंग्रजीत जातात, तिथे प्रश्न येत नाही. पण फोंड्याकडे देवळांची कामं भरपूर, आणि देवस्थान समितीला गेटवर लावायचा नकाशा मराठीतच हवा असतो, गर्भकुडी, सभामंडप, दीपस्तंभ, नगारखाना, अग्रशाळा, तळी. रोमन्स किंवा सिम्प्लेक्ससारख्या एसएचएक्स फाँटमधे देवनागरी नाहीच, तिथे नुसती प्रश्नचिन्हं. देवनागरीसाठी वेगळी स्टाइल करा, निर्मला किंवा मंगल असा युनिकोड फाँट द्या, निर्मला विंडोजसोबतच येतो, मंगल नव्या विंडोजमधे वेगळा घ्यावा लागू शकतो. जुने की-बोर्ड लेआउटवाले फाँट अजिबात नकोत. त्यात 'अग्रशाळा' आत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रूपात साठवलेलं असतं, ज्याच्या मशीनवर तो फाँट नाही त्याला भलतंच काहीतरी दिसतं, आणि फाइंड करून 'तळी' शोधायला गेलात तर ती सापडत नाही.

देवनागरीला एक्झॅक्टली स्पेसिंग कमी फॅक्टरवर लावू नका, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत शिरतात. ट्रॅकिंग पण वाढवू नका, इंग्रजीत अक्षरं सुटी सुटी छान दिसतात, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जोडाक्षरं तुमच्या स्क्रीनवर नीट दिसली म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर तशीच दिसतील असं धरून चालू नका. बोर्ड करणाऱ्याला डीडब्ल्यूजी द्यायचीच नाही, तो बहुतेक कोरलड्रॉमधे काम करतो, त्याला पीडीएफ द्या, आणि ती करताना पीडीएफ ऑप्शन्समधे सगळा टेक्स्ट जॉमेट्रीत बदलायची जी टिक आहे ती करा, म्हणजे अक्षरांची आउटलाइनच जाते, फाँटचा प्रश्नच राहत नाही. पाठवण्याआधी ती पीडीएफ स्वतः उघडून समितीतल्या कोणाला तरी मोबाइलवर दाखवून घ्या. वाचून बघणारं दुसरं माणूस लागतंच.

पीडीएफवरून आठवलं. एसएचएक्स फाँटमधली लेबलं असलेली पीडीएफ अक्रोबॅटमधे उघडली की प्रत्येक लेबलभोवती चौकट येते, बाजूला कॉमेंट्सची ही लांबलचक यादी, आणि क्लायंटचा फोन येतो की एवढ्या चुका कोणी काढल्या. त्या चुका नाहीत, ऑटोकॅड तो टेक्स्ट कॉमेंट म्हणून आत ठेवतं म्हणजे तो शोधता यावा. नको असेल तर पीडीएफएसएचएक्स टाइप करून शून्य द्या आणि परत प्लॉट करा. बाहेर जाणाऱ्या पीडीएफला मी ते बंदच ठेवते, ऑफिसच्या कॉपीला चालू, कारण कॉमेंट्ससकट 'टॉयलेट' शोधलं की सगळ्या मजल्यांवरची टॉयलेटं एका फटक्यात सापडतात.